एकच दगड, दोघांना

ठिपकेसाहेबांचं कागदोपत्री नाव काय असेल ते असो, वेधशाळेत आणि गल्लीत सगळे त्यांना ठिपकेसाहेबच म्हणत. माणूस जन्मभर ठिपके बघत बसला, त्याला दुसरं काय म्हणणार? बरं, ठिपकेही असले की तुम्हा-आम्हाला दाखवले तर आपण म्हणू, अहो, काचेवर धूळ बसलीय, जरा फडकं मारा.

काम सांगायला सोपं आणि करायला डोळेफोडीचं. आभाळाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढून ते संगणकावर एकामागून एक पालटत बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. पण त्या गर्दीतला एखादा मळकट ठिपका पहिल्या फोटोत इथे, दुसऱ्यात जरा पलीकडे, तिसऱ्यात आणखी पलीकडे असा सरकताना दिसला, की समजायचं, हा तारा नव्हे. हा सूर्याभोवती फिरणारा दगड आहे, लघुग्रह. बहुतेक वेळा तो आधीच दुसऱ्या कुणाला सापडलेला असतो आणि आपली दुपार फुकट जाते. नवा असला, तरी एका रात्रीच्या ठिपक्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या रात्री तो पुन्हा पकडून दाखवावा लागतो. तेव्हा कुठे साऱ्या जगातल्या लघुग्रहांचा हिशेब ठेवणारी कचेरी त्याला एक तात्पुरती खूण देते. मग वर्षं जातात. दगडाची वाट पक्की ठरली की त्याला कायमचा क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाल्यावर शोधणाऱ्याला त्याचं नाव सुचवायचा मान मिळतो.

म्हणून या धंद्यातली शहाणी माणसं क्रमांक पडायच्या आधी नावाची गोष्ट काढतच नाहीत. ठिपकेसाहेबांना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंड आवरणं वेगळं. समोरच्याचा चेहरा जरा उतरलेला दिसला की यांच्या तोंडून शब्द गेलाच म्हणून समजा. 'आलोच', 'करूच', 'अहो, त्यात काय एवढं, मी आहे ना'. खोटं बोलायचे नाहीत हो ते. बोलताना त्यांचा स्वतःचाही पुरता विश्वास असायचा. तीच तर पंचाईत होती.

त्यांच्या खात्यावर मोजकेच दगड जमा झाले होते. पहिल्या दगडांची नावं संचालकांच्या, देणगीदारांच्या आणि आणखी कुणाकुणाच्या पुढे पुढे करण्यात गेली. नंतर जगात मोठमोठ्या दुर्बिणी आल्या आणि त्यांनी आभाळ असं झाडून नेलं की लहान वेधशाळांच्या वाट्याला उष्टंसुद्धा उरलं नाही. ठिपकेसाहेबांच्या हातात शेवटचे दोनच दगड राहिले होते, दोन्ही बिनक्रमांकाचे. आणि दोन्हींची नावं ते आधीच देऊन बसले होते.

पहिला दिला मिस्त्रीला. हा वेधशाळेचा मिस्त्री म्हणजे एक वल्लीच. दुर्बिणीच्या दातेरी चाकांना तेल घालणं, अडकलेला घुमट ढकलणं, छताच्या चाकांना शिव्या घालणं ही त्याची कामं, आणि त्यातलं शेवटचं तो सर्वांत मनापासून करायचा. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात ठिपकेसाहेबांच्या हातात माईक आला. आता माईक आणि ठिपकेसाहेब एकत्र आल्यावर काय व्हायचं? ते म्हणाले, नुकताच सापडलेला लघुग्रह मी आमच्या मिस्त्रींच्या नावाने करणार. टाळ्यांनी हॉल दणाणला. मिस्त्री, जो संचालकांनाही उलट उत्तर द्यायचा, तो खाली बघत शर्टाचं बटण चाळवत बसला.

दुसरा दिला बायकोला, आणि तो कसा दिला हे नीट सांगायला हवं.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. डोळे तपासायचे, नंबर काढायचे, फ्रेम बसवून द्यायची. एका संध्याकाळी तिच्या पोटात अशी कळ आली की उभं राहवेना. साहेब वेधशाळेत होते. बिनचांदण्याच्या, म्हणजे चंद्र नसलेल्या रात्रींची दुर्बिणीवरची पाळी महिन्यातून एकदाच यायची. फोन केला तर म्हणाले, "तू दादाला बोलावून घे, पुढे व्हा, मी आलोच." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. नवऱ्याने करायची सही दादाने केली. 'आलोच' म्हणालेले साहेब उगवले दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर. कारण त्यांना एक ठिपका सरकताना दिसला होता.

पण हे एवढ्यावरच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. बायको खाटेवर, नाकात नळी, ओठ सुकलेले, आणि साहेबांच्या डोक्यात काय, तर आज रात्री पुन्हा जायला हवं. दुसऱ्या रात्री ठिपका नाही पकडला तर पहिली रात्र पाण्यात. हे तिला सांगायचं कसं? लाजेने जीभ टाळ्याला चिकटली, आणि मग सुटली ती भलतीकडेच. म्हणाले, "हा दगड तुझा. तुझ्या नावाने करणार मी. तुझ्याच रात्री सापडलाय ना." ती म्हणाली, "हं." आणि साहेब त्या 'हं'ला परवानगी समजून संध्याकाळी वेधशाळेत गेले. दादा दाराशी स्टुलावर बसला होता. त्याने वर पाहिलंही नाही. त्या दिवसापासून तो साहेबांशी कामापुरतंच बोलतो.

यालाही काही वर्षं झाली. दोन दगड आपापल्या वाटेने फिरत राहिले, साहेबांचे केस पिकले, आणि मग ती दुपार आली.

दुसऱ्या कुठल्याशा वेधशाळेला आपल्या जुन्या फोटोंत मिस्त्रीचा दगड सापडला होता. त्यामुळे त्याची वाट, जी तोवर ढिली होती, ती आवळून बांधता येणार होती. साहेबांनी पडदे ओढले, गणित मांडलं आणि दगडाला वर्षामागून वर्ष पुढे चालवत आणलं. चालता चालता तो एका ओळखीच्या जागी येऊन उभा राहिला. साहेबांनी पुन्हा गणित केलं. पुन्हा तीच जागा. बायकोच्या ऑपरेशनच्या रात्री जो ठिपका सरकताना दिसला होता, बरोबर त्याच जागी मिस्त्रीचा दगड पोचला होता. ते दोन दगड नव्हतेच. एकच दगड साहेबांना दोनदा सापडला होता.

आता गंमत बघा. हे कळल्यावर साहेबांना काय झालं असेल? आनंद. हो, आनंद झाला. दोन्ही वर्षांचे फोटो एकाच दगडाचे निघाले म्हणजे वाट पक्की, वाट पक्की म्हणजे क्रमांक नक्की. म्हातारपणी असला जोड लावायला डोकं लागतं. त्यांनी स्वतःची पाठ थोपटली, सगळं गणित त्या कचेरीला पाठवून दिलं आणि शीळ घालत चहा करायला गेले.

चहात साखर घालताना त्यांचा हात थांबला.

मिस्त्रीला दिलेला दगड आणि बायकोला दिलेला दगड एकच. म्हणजे दोघांपैकी एकाला 'नाही' म्हणायचं. हे तर झालंच, पण त्याच्या मागोमाग दुसरं जे आलं, त्याने साहेब मटकन खुर्चीत बसले. ज्या ठिपक्यासाठी ते बायकोला दवाखान्यात टाकून राहिले, एक नाही, दोन रात्री राहिले, तो त्यांना आधीच सापडलेला होता. त्या रात्री तिथे काहीही नवीन नव्हतं. ते नसते गेले तरी जगाचं, विज्ञानाचं, कुणाचंही काडीचं अडलं नसतं. इतकी वर्षं ते मनाची समजूत घालत होते की चुकलो खरा, पण निदान कशासाठी तरी चुकलो. आता तेही गेलं. लाज अशी वाटली की रिकाम्या खोलीतसुद्धा त्यांनी मान खाली घातली.

चहा ओट्यावर तसाच राहिला आणि साहेब पळवाटा शोधू लागले. दोघांचं मिळून एक नाव करावं? छे, मिस्त्री आणि आपली बायको एकाच दगडावर बसवली तर लोक काय म्हणतील, आणि मिस्त्रीची बायको काय म्हणेल. मग बायकोला दुसराच कुठलातरी दगड दाखवावा? आभाळात बेवारशी दगडांची काय कमी, बोट दाखवलं की झालं, ती थोडीच तपासायला जाणार आहे. हा विचार त्यांच्या मनात आला, मिनिटभर बसला, पाय पसरून बसला. त्याला उठवून लावताना साहेबांना स्वतःचीच किळस आली.

शेवटी त्यांनी ठरवलं की दगड बायकोचा. तिचं देणं मोठं. मिस्त्री आपला माणूस आहे, रागावेल, चार शिव्या देईल, गप्प बसेल. त्यालाच जाऊन सांगावं.

मिस्त्रीच्या घरी गेले तर तिथे नळ दुरुस्त करणारा आलेला. मिस्त्री त्याच्या डोक्यावर उभा राहून त्याला पाना कसा धरायचा ते शिकवत होता आणि तो बिचारा दात-ओठ खात ऐकून घेत होता. साहेबांना बघताच मिस्त्रीने त्याला ओल्या हातांनिशी बाहेरच्या खोलीत ओढून आणलं.

"हे बघ, हेच ते साहेब. तुला खोटं वाटत होतं ना? विचार आता त्यांनाच."

टीव्हीच्या वर, भिंतीच्या मधोमध, एक फ्रेम होती. तिच्यात साहेबांनीच कधीकाळी दिलेला त्या दगडाचा फोटो, मोठा करून घेतलेला. काळ्यावर पांढरे ठिपके आणि त्यातल्या एकाकडे लाल बाण. बाकी भिंतीवर लग्नाचा फोटो नाही, पोरांचा नाही.

"साहेब, सांगा याला, केवढा आहे आपला दगड?"

"असेल दोन-तीन किलोमीटर," साहेब पुटपुटले.

"ऐकलंस? तुझी आख्खी गल्ली मावेल त्यात." मिस्त्रीने नळवाल्याच्या पाठीत थाप मारली आणि त्याला परत मोरीकडे पिटाळलं. मग साहेबांकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाला, "पण नाव कधी लागणार हो? लोक विचारतात. आधी कौतुकाने विचारायचे, आता हसून विचारतात. माझा जावई तर म्हणतो, बाबा, तुमचा ग्रह वक्री दिसतोय. मी म्हणतो, साहेबांनी शब्द दिलाय, माईकवर दिलाय, चारचौघांत दिलाय. माझं काही चुकतंय का?"

साहेब हेच बोलायला आले होते ना? वाक्य घोकत आले होते सगळ्या रस्त्याने. मिस्त्री, एक गडबड झालीय. एवढंच तर म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "क्रमांक पडतोच आहे. या वर्षात नाव लागेल."

मिस्त्रीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून असा दाबला की बोटं दुखली. चहा न घेता साहेब जिना उतरले. शब्द मोडायला गेलेला माणूस शब्द पक्का करून परतला होता. रस्त्यात त्यांना स्वतःला कुठे लपवावं ते कळेना. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून त्यांनी फुटपाथसुद्धा बदलला.

आता उरली बायको. घरी सांगण्याइतकी छाती नव्हती. घरी ती दोन वाक्यांनंतर उठून आत जाते, आणि मग बोलणं तसंच लोंबकळत राहतं. म्हणून ते तिच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मालक जेवायला गेला होता. ती काउंटरमागे बसून एका चष्म्याची दांडी गरम करून वाकवत होती. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर गिऱ्हाइकाची उंच खुर्ची.

"तुम्ही? इथे?" ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे." साहेब त्या खुर्चीत बसले. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. "अगं, ते मी म्हटलं होतं ना, तुझ्या नावाने दगड."

"हं."

"ते जमत नाहीये. दगड एकच राहिलाय. आणि मिस्त्रीला आधी शब्द दिलेला आहे."

तिने दांडी उजेडात धरून बघितली. थोडी वाकडी होती, पुन्हा तापवायला घेतली. "मग मिस्त्रींनाच द्या की. म्हातारा माणूस, त्याने गावभर सांगितलं असेल. मी कुणाला सांगितलेलंच नाही."

साहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढं सोपं होतं? त्यांनी चक्क सुस्कारा टाकला. आणि सुस्कारा पुरता बाहेर पडल्यावर त्यांना ती काय म्हणाली ते समजलं.

"कुणालाच नाही? का गं?"

"सांगितलं असतं आणि तुम्ही केलं नसतं, तर लोकांसमोर खजील मी झाले असते ना," ती म्हणाली. रागाने नाही. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगतात, तशा आवाजात. "तुमच्या बोलण्यातलं मी थोडंच मोजते हो. तेवढं बरं पडतं. इथे रोज लोक येतात, खालची ओळ दिसत नसते, पण लाजेने ठोकून देतात. आधी मी वाद घालायचे. आता ऐकून घेते आणि मला दिसेल तो नंबर लिहिते. तसंच."

तिने मोकळं सोडलं होतं त्यांना. उठून घरी जाता आलं असतं. दगड एकच का राहिला, दुसऱ्याचं काय झालं, हे तिने विचारलंही नव्हतं, आणि ती विचारणारही नव्हती. पाय उचलायचा आणि दार ढकलायचं, एवढंच. पण तिने इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यातलं काही धरलंच नव्हतं, म्हणून आज ते सुटत होते. ही सुटका अंगावर घेऊन बाहेर पडायची त्यांना शरम वाटली. निर्लज्जपणालाही काही हद्द असते.

"दुसरा दगड नव्हताच," ते म्हणाले. "तुझ्या ऑपरेशनच्या रात्री जो दिसला तो मिस्त्रीचाच होता. मला आधीच सापडलेला. मी ओळखला नाही. त्या रात्री तिथे नवीन काहीच नव्हतं. दुसऱ्या रात्रीही नव्हतं. मी उगाच राहिलो तिथे."

तिचा हात थांबला. तिने छोटी शेगडी बंद केली, दांडी काउंटरवर ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. साहेबांना वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल.

"मी दादाला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दगडाच्या नावाचं नाही. ते नाही सांगितलं. पण दादा त्या दोन रात्री दवाखान्यात नुसता धुमसत होता. म्हणत होता, मी आता जाऊन त्या माणसाची कॉलर धरतो. तेव्हा मी त्याला म्हटलं, दादा, त्यांना तिकडे नवीन ग्रह सापडलाय. अशी रात्र जन्मात एकदा येते. ते आले असते तर तो कायमचा हातचा गेला असता. मीच त्यांना जा म्हणाले. नळीमुळे बोलता येत नव्हतं, तरी दमत दमत सगळं सांगितलं." ती थांबली. "मग तो बसला खाली. अजूनही घरात कुणी तुमच्याविषयी वाकडं बोललं की दादाच म्हणतो, असू दे, त्या रात्री तसंच मोठं काम होतं त्यांचं. मला आवडत नाही तो माणूस, पण काम मोठं होतं."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"आता दादाला मी काय सांगू?" ती म्हणाली.

"मी सांगतो त्यांना," साहेब म्हणाले, आणि म्हणताच त्यांना स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. किती सहज निघालं ते. तीही त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हे आपण मोजायचं नाही असंच स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर लागला. पलीकडून दादाचा जड आवाज आला, "बोला."

एरवी माईक मिळाला की सुटणारे साहेब. त्यांना सुरुवात कुठून करावी ते सुचेना. "दादा, ती दवाखान्यात होती तेव्हा," ते म्हणाले, "मला तिकडे नवीन काही सापडलेलं नव्हतं. आज कळलं. आणि तिने मला जा म्हटलं नव्हतं. मी आपणहून गेलो. दोन्ही रात्री."

पलीकडे कुठेतरी एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मग दादा म्हणाला, "ती आहे का तिथे? तिच्याकडे द्या."

साहेबांनी फोन पुढे केला. तो घेऊन ती काउंटरमागून बाहेर आली, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून गेली आणि दुकानाचं दार ओढून पायरीवर उभी राहिली, पाठ काचेकडे करून. एकदा तिने पदराने नाक पुसलं. ती जास्त ऐकत होती आणि मधूनमधून काहीतरी बोलत होती. काचेतून आवाज येत नव्हता. पलीकडून दादा काय म्हणतोय, ही त्याला काय उत्तर देतेय, आजही सावरून घेतेय की आज पहिल्यांदाच नाही, हे जाणून घ्यायची त्यांना फार इच्छा होती. पण ते विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्यांना समजत होतं. ते खुर्चीत बसून राहिले आणि ती आत यायची वाट बघू लागले.